डावा दिवा

बावीस दिवस मी एका दिव्यावर घरी आले.
कणकवलीला रक्ताच्या बाटल्यांची पेटी पोचवायची
आणि परतताना अंधार.
समोरचे मला मोटारसायकल समजत,
माझ्या न दिसणाऱ्या अर्ध्या गाडीवर
बिनधास्त चालून येत.
एक टेम्पो तर इतक्या जवळून गेला
की त्यातल्या बोंडवांचा आंबूस वास
सकाळपर्यंत गाडीत होता.

मेकॅनिक म्हणाला, ठेवून जा, बुधवारी बघू.
त्याचा बुधवार मला माहीत आहे.
एकशे ऐंशीचा बल्ब घेतला
आणि रविवारी दुपारी
बहिणीच्या खळ्यात बॉनेट उघडलं.
गाडी खाडीच्या अलीकडे राहते, तिच्या दारात.
मी राहते पलीकडे.

त्याआधी तिला फणस कापू लागले होते,
कोपरापर्यंत खोबरेल.
आणि बल्बच्या खोक्यावर चित्र:
हात, हातावर फुली.
निनाद, नववीतला भाचा, वाचून म्हणाला,
काचेला बोट लागलं की तेल राहतं,
तेलापाशी काच जास्त तापते,
आणि तिथेच फुटते.
"सोवळं कडक दिसतंय त्याचं," बहीण आतून म्हणाली,
"न्हाऊन ये."

राखेनं हात घासले. साबणानं. परत राखेनं.
चीक सुटला. तेल आहे की गेलं
कोण सांगणार.

आधी बॅटरी वाटेत आली. दहाचा पाना.
मग तीन पायांचा प्लग, ओढला तर हलेना.
समुद्र इथून चार किलोमीटर,
पण खारं वारं आत शिरून
संसार मांडून बसलेलं,
पितळ कळकावी तसे पाय हिरवे.
पॉलिश पेपरचा तुकडा फिरवला.
मग रबराची टोपी.
मग तारेची कडी, जी दिसतच नाही.
तिथे मात्र मी घाबरले नाही:
दिवसाला चाळीस माणसांची शीर शोधते मी,
नजर भलतीकडे, बोटाचं टोक जागं.
सापडली. दाबली. सुटली.

जुना बल्ब हातात आला,
पोटात काळी काजळी, तार तुटून लोंबणारी.
नवा धुतलेल्या पंचाच्या टोकात धरला.
त्याला तीन कान, एकाच रीतीनं बसतो.
मी दोनदा उलटा घालू पाहिला,
त्यानं ऐकलं नाही.

लागला.
पण भर उन्हात लागला, म्हणून कळेना.
निनादनं पुढ्यात ओंजळ धरली,
ओंजळ उजळली.
"लागलो गे मावशे!"

सोमवारी रात्री उतारावरून आले
दोन दिव्यांनी, ऐटीत.
गाडी खळ्यात लावली, तोंड पाण्याकडे.
पलीकडे लवू तारी होडीत बसलेला,
बिडीचा ठिपका दिसत होता.
ठिपका हलेना.
हाक मारली, वारा तिकडून इकडे.
फोन तो बाळगत नाही.
मग लक्षात आलं,
बावीस दिवसांत मला एकदाही
हाक मारावी लागली नव्हती.

उतरले. डाव्या दिव्यापुढे
पाठमोरी टेकून उभी राहिले.
बाहेरच्या काचेला काही सोवळं नाही.
ऊब ओढणीतून कमरेला लागली,
माझी सावली पाण्यावर लांब पडली
आणि पलीकडे दोर सुटला.

"दोन दिवे बघून म्हटलंय,
कोणाचे तरी पावणे इले," लवू म्हणाला.
"आता रोज दोनच असणार."
त्यानं दोन-तीन वल्ही मारली.
"म्हणजे माका परत शिकूक व्हया."